घोडीपोटी खेचर हवं असेल तर

माझा भाचा जुन्नरकडे असतो. गडावर चुना, वाळू, दगड चढवायची कामं निघतात, तिथे जनावरं लावायचं त्याच्या डोक्यात आहे. दिवाळीत त्याचा फोन आला. "आत्या, मला एक नर खेचर आणि एक मादी खेचर बघून दे. दोघं एकत्र ठेवतो, मग पुढची खेचरं घरचीच."

मी हसले नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझीही समजूत तीच होती. सासऱ्यांचा पुणे स्टेशनवर टांगा होता. टांगे बंद पडत गेले, घोड्या राहिल्या. आता आम्ही फुरसुंगीला राहतो, दोन घोड्या वरातीला जातात, आणि गेल्या काही वर्षांत बिजली नावाच्या घोडीपोटी आम्ही तीन खेचरं घेतली. त्यातली दोन जगली. एक माझ्या अज्ञानाने गेलं. भाच्याला तासभर फोनवर जे सांगितलं, तेच इथे जरा सावकाशीने लिहिते.

आधी त्याचा गैरसमज. घोडी आणि नर गाढव यांच्यापासून होतं ते खेचर. उलटं, म्हणजे घोडा आणि गाढवी यांच्यापासूनही पिल्लू होतं. इंग्रजीत त्याला हिनी असं वेगळं नाव आहे, आपण दोन्हीला खेचरच म्हणतो. पण या उलट जोडीत गाढवी सहसा फळत नाही, आणि फळली तरी गावठी गाढवीच्या लहान पिशवीत शिंगरू वाढणार किती? म्हणून व्यवहारात खेचर म्हणजे घोडीपोटचंच.

आता खेचराला खेचर का होत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. निम्मी निम्मी आली की खेचराच्या वाट्याला ३२ अधिक ३१, म्हणजे ६३. अंगाचं काम यात उत्तम चालतं. खेचर दणकट निपजतं, कमी खातं, कड्याच्या वाटेवर पाय जपून टाकतं. अडतं ते बीज तयार होताना. त्या वेळी आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांना समोरासमोर येऊन जोडी धरावी लागते, मंगळागौरीला फुगडीसाठी बायका हात धरतात तशी. इथे एकीला जोडीदारीणच नाही, आणि बाकीच्यांचेही हात नीट जुळत नाहीत, कारण घोड्याच्या आणि गाढवाच्या गुणसूत्रांची मांडणीच वेगळी. फुगडी मोडते, बीज होत नाही. मादी खेचर व्याल्याची जगात मोजकी उदाहरणं आहेत. नर खेचरापासून पिल्लू झाल्याचं मात्र एकही नाही. २००३ मध्ये अमेरिकेत आयडाहो विद्यापीठाने खेचराची हुबेहूब प्रत जन्माला घातली, पण तो प्रयोगशाळेचा मार्ग, आणि ते शिंगरूही वाढलं शेवटी एका घोडीच्याच पोटात. म्हणजे दरवेळी नवं खेचर हवं तर दरवेळी घोडी आणि गाढव हवंच.

घोडी निवडताना

खेचराचं माप घोडीवर जातं. घोडी ठेंगणी तर खेचर ठेंगणं. ओझ्यासाठी रुंद छातीची, चांगल्या खुरांची आणि स्वभावाने शांत घोडी घ्या. वय चार ते बारा. पंधराच्या पुढे गाभ राहणं कठीण होत जातं. बिजली मिश्र रक्ताची आहे, ५८ इंची, पहिल्यांदा भरवली, म्हणजे नराला लावली, तेव्हा सहा वर्षांची.

एक माझं मत सांगते, पटो न पटो. तुमच्याकडे खरी भीमथडी घोडी असेल तर तिला गाढव दाखवू नका. भीमेच्या खोऱ्यातली ही आपली तट्टं आता थोडी उरलीत, आणि एकेक घोडी आयुष्यात किती वेळा विणार? खेचरामागे घातलेलं तिचं प्रत्येक वर्ष त्या जातीच्या खात्यातून वजा होतं. मिश्र रक्ताच्या घोड्या पुष्कळ आहेत, त्या घ्या.

भरवण्याआधी पशुवैद्यांकडून तिची तपासणी करून घ्या: पिशवी साफ आहे का, जंत आहेत का, आणि ग्लँडर्सची रक्तचाचणी. हा रोग माणसालाही होतो आणि सापडला की सरकारी नोंद करावीच लागते. गाढवाची चाचणीही तशीच करा. ती टाळून मिळणारं स्वस्त जनावर घेऊ नका.

गाढव, आणि त्याचा हट्ट

चांगलं नर गाढव शोधणं हे सगळ्यात चिवट काम. २०१२ ची पशुगणना आणि २०१९ ची पशुगणना यांच्या मधल्या सात वर्षांत देशातली गाढवं ६१ टक्क्यांनी घटली, सव्वा लाखाच्या आसपास उरली. पेठांतल्या बोळांत वाडा पाडला की राडारोडा वाहायला अजून गाढवंच लागतात, पण ती ओझ्याची. पैदाशीसाठी कोणी निगुतीने नर राखलाय, असं क्वचित दिसतं.

आमचं नर गाढव, सरदार, मी जेजुरीला घेतलं, २०१८ च्या पौष पौर्णिमेला. बंगाली पटांगणात त्या दिवशी गाढवांचा बाजार भरतो. गुजरातेतून काठेवाडी गाढवं येतात, ती आपल्या गावठीपेक्षा उंच आणि बहुतेक पांढरी. तिथे वय दातांवर ठरतं: दोन दात आलेलं ते दुवान, चार आले की चौवान. मी दुवान घेतलं, ४३ इंची, पाय सरळ. दोन्ही अंड खाली उतरलेत ना, सारखे आहेत ना, हे मी हात लावून बघितलं तेव्हा आजूबाजूचे चार पुरुष दुसरीकडे बघायला लागले. बघू देत. एक अंड पोटात राहिलेला नर पैदाशीला घ्यायचा नाही, तो दोष पुढे उतरतो.

सगळं बघितलं आणि एक विचारायचं राहिलं: हा लहानाचा मोठा कोणात झाला? सरदार गाढवींच्या कळपात वाढला होता. घरी आणला, बिजली माजावर होती, त्याने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तोंड फिरवून कडबा खात उभा. ते अख्खं वर्ष फुकट गेलं.

गाढवाचं असं असतं की ज्यांच्यात वाढला त्यांनाच तो आपलं मानतो. म्हणून खेचरासाठी नर तयार करायचा असेल तर शिंगरू दूध सुटताच, सहाव्या-सातव्या महिन्यात घोड्यांमध्ये आणून ठेवायचं आणि पुन्हा गाढवी दाखवायचीच नाही. ते न साधलेल्यांसाठी जुनी युक्ती आहे, ती मला दौंडकडच्या एका म्हाताऱ्या वीटभट्टीवाल्याने सांगितली. माजावरची गाढवी समोर बांधायची, नर तयार झाला की तिला बाजूला घेऊन घोडी पुढे करायची. सरदार असा चार-पाच वेळा फसला आणि मग त्याला फसवावं लागेना.

घाई मात्र त्याला कधीच आली नाही. घोडा येतो, हुंगतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. गाढव येतं, हुंगतं, वरचा ओठ उलटून दात दाखवत आकाशाकडे बघतं, निघून जातं, ओरडतं, परत येतं. अर्धा तास जाऊ शकतो. या वेळात त्याला मारू नका, ओढू नका, मोबाईल घेऊन पोरं गोळा करू नका. एकदा मार बसला की गाढव ती जागा विसरत नाही.

माज ओळखायचा कसा

घोडीचा माजाचा फेरा २१-२२ दिवसांचा. त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते. गाढवीचा फेरा दोन-तीन दिवसांनी मोठा असतो. घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. आपल्याकडे थंडीत काही घोड्या अगदी गप्प होतात, काही थोडंफार दाखवतात, पण भरवशाचा काळ माघ सरल्यापासून पावसाळा संपेपर्यंतचा.

माजावरची घोडी शेपटी बाजूला धरते, मागचे पाय फाकवते, थोडं थोडं मुतते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. पण हे सगळं समोर नर असेल तरच! नुसत्या घोड्यांच्या तबेल्यात असलेली घोडी माजावर येऊन जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून एक दिवसाआड तिला भिंतीपलीकडून किंवा मजबूत आडव्या बांबूपलीकडून नर दाखवायचा. कान पाडून दुगाण्या झाडल्या तर माज नाही. गाढवीची खूण वेगळी. ती मान पुढे काढून तोंडाची उघडमिट करते, काही चघळल्यासारखी, आणि लाळ गळते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं घशात काही अडकलंय.

अंडं सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून पहिल्या दिवशीची घाई वाया जाते. माजाच्या तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड भरवत राहायचं, ती नाकारेपर्यंत. सोनोग्राफीची सोय असेल तर आणखी नेमकं होतं. अंडाशयावरचा फोड ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर दिवस सांगतात.

भरवताना घोडीची शेपटी जुन्या सुती पट्टीने गुंडाळा, मागची बाजू साध्या कोमट पाण्याने धुऊन कोरडी करा. उंचीचा प्रश्न येतोच. ५८ इंची घोडी आणि ४३ इंची गाढव! आम्ही गोठ्यामागे वीतभर खोल, मागे उतरता खड्डा केलाय. घोडीचे मागचे पाय खड्ड्यात, सरदार वरच्या अंगाला. खड्ड्याच्या तळाशी माती घट्ट ठोकलेली हवी, निसरडी नको. घोडीजवळ एकच माणूस, तिच्या डाव्या खांद्याशी, आणि मागे कोणीही उभं राहायचं नाही. गाढव ओरडलं की पहिल्यांदा घोडी दचकते, तेव्हा आधीचे पंधरा दिवस दोघांना आवाजाच्या टप्प्यात बांधून ठेवलेलं बरं.

नर पाळायचा नसेल तर कृत्रिम रेतनाचाही मार्ग आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या बिकानेर शाखेत गाढवाच्या वीर्यावर हे काम चालतं. तिथेच २०२३ मध्ये मारवाडी घोड्यात भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात ठेवून शिंगरू जन्माला आलं. पण गोठवलेल्या वीर्याला वेळ अगदी काट्यावर साधावी लागते आणि ते हाताळणारा माणूस जवळ हवा. शर्यतीच्या थरोब्रेडमध्ये मात्र कृत्रिम रेतन चालतच नाही. तिथे नर-मादी प्रत्यक्ष लागल्याशिवाय शिंगराची नोंद होत नाही. पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारा प्रत्येक घोडा तसाच जन्मलेला असतो.

दिवस मोजणं

घोडीपोटी घोड्याचं शिंगरू साधारण ११ महिने राहतं, ३४० दिवसांच्या आसपास. खेचर आठ-दहा दिवस जास्त. गाढवी मात्र वर्ष ओलांडते, ३७० दिवससुद्धा.

आमच्या घरी हिशोब पंचांगाचा. गुढीपाडव्याला भरवली तर पुढचा शिमगा झाल्यावर आणि पाडव्याच्या आत खेचर. गाढवीला त्यापुढे चैत्र पौर्णिमा. मधे अधिक महिना आला की हा हिशोब महिनाभर अलीकडे येतो, आणि इथे लोक फसतात. २०२३ ला अधिक श्रावण होता. त्या पाडव्याला भरवलेली बिजली शिमग्याची वाट न बघता महाशिवरात्रीच्या चार-पाच दिवस आधीच व्याली. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवली असती तर धावपळ झाली नसती. तारीख लिहा.

पाडव्याचा मुहूर्त मी श्रद्धेने धरत नाही. त्या बेताने विणं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. जमीन कोरडी असते, माश्या कमी असतात, नाळ चिघळत नाही. आषाढात चिखलात जन्मलेल्या शिंगराच्या नाळेतून जंतू सांध्यांत उतरतात आणि गुडघे सुजतात.

गाभ आहे का, हे चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफीत कळतं. तेव्हाच तपासा. कारण जुळी असतील तर एक गर्भ त्याच दिवसांत डॉक्टरांना काढता येतो. घोडीच्या पोटात दोघांना पुरेल एवढी जागा नाही. जुळी राहू दिली तर बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात दोन्ही पडतात आणि घोडीही जायबंदी होते. लोकांना जुळ्यांचं कौतुक वाटतं. घोडीच्या बाबतीत ते कौतुक करू नका.

गाभणपणातली उठबस फार काही वेगळी नाही. सहा महिने हलकं काम चालतं. आम्ही पाचव्या महिन्यानंतर बिजलीला वरातीला पाठवत नाही, कारण आता वरात म्हणजे डीजे आणि फटाके. गर्भ खरा वाढतो तो शेवटच्या तीन महिन्यांत, तेव्हा खुराक वाढवायचा: भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, लसूणघास. बुरशी लागलेला कडबा गाभण जनावरापुढे टाकायचा नाही, वैरण कितीही महाग झाली तरी. विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस. गाढवी गाभण असेल तर आणखी एक गोष्ट: जाड गाढवीने खाणं सोडलं की तिच्या रक्तात चरबी उतरते आणि ती हां हां म्हणता जाते. एक वेळचं खाणं टाकलं तरी डॉक्टरांना फोन.

विण्याची रात्र

कास दोन-चार आठवडे आधी भरू लागते. शेपटीच्या बुडाशी मांस ढिलं पडतं. सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब साचले की एक-दोन दिवस उरले. बहुतेक घोड्या रात्रीच वितात आणि माणूस चहाला उठून गेला की नेमकं उरकतात, हा माझाच अनुभव नाही, कुठल्याही पागेत विचारा.

घोडीला घाम येतो, ती उठबस करते, पोटाकडे बघते. मग पाणमोट फुटते आणि तिथून पुढे घड्याळ बघायचं. वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. गायीसारखे तास-दोन तास इथे मिळत नाहीत. पुढचे दोन पाय, एक थोडा पुढे एक मागे, तळवे खाली, आणि त्यांच्यावर नाक टेकलेलं, ही सरळ रीत. आधी दिसणारी पिशवी पांढरी, निळसर झाक असलेली हवी. लाल मखमलीसारखी दिसली तर थांबू नका: वार, म्हणजे पिल्लाला पोटात आईशी जोडणारा पडदा, आधीच सुटलीय आणि आत पिल्लाचा श्वास कोंडतोय. ती लगेच फाडायची, स्वच्छ कात्रीने, आणि घोडी कळ देईल तसं पिल्लू ओढायचं. तळवे वर दिसले, एकच पाय दिसला किंवा अर्धा तास होऊन गेला तर डॉक्टर, तोवर घोडीला उभी करून चालवत ठेवा.

नाळ कापू नका. घोडी उठली की ती आपोआप तुटते. तुटल्यावर पोव्हिडोन आयोडीनमध्ये बुडवा, दिवसातून तीनदा. तासाभरात शिंगरू उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायला लागलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. वार ओढायची नाही, गाठ मारून वर बांधायची म्हणजे पायात येत नाही. तीन तासांनंतरही पडली नाही तर विष अंगात चढून घोडीचे खुर सुजतात, घोडी कायमची लंगडते. पडलेली वार जमिनीवर पसरून दोन्ही टोकं शाबूत आहेत का बघा आणि डॉक्टर येईपर्यंत कुत्र्यांपासून जपून ठेवा.

दुसरं खेचर

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

पहिलं खेचर, टिकोजी, मार्च २०२० मध्ये झालं, लॉकडाऊनच्या आठवडाभर आधी. काही अडलं नाही. उठलं, प्यायलं, चौथ्या दिवशी अंगणात उड्या मारत होतं. लग्नं बंद, घोड्या रिकाम्या, आम्ही दिवसभर त्यालाच बघत बसायचो. मला वाटलं, यात काय कठीण आहे.

दुसरं मार्च २०२२ मध्ये, शिमगा होऊन गेला होता, पाडवा यायचा होता. टिकोजीपेक्षाही उमदं पिल्लू. अर्ध्या तासात उभं, लगेच कासेला. मी स्वतः त्याचं तोंड सडाला लावलं, चीक पोटभर पाजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते सुस्त झालं. तिसऱ्या दिवशी हिरड्या पिवळ्या, लघवी तांबूस काळी. ज्यांना बोलावलं त्यांनी कावीळ म्हणून सलाईन लावलं. चौथ्या दिवशी पहाटे गेलं.

नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की त्याला मी पाजलेल्या चिकानेच मारलं. गाढवाच्या तांबड्या पेशींवर एक खूण असते, ती घोड्याच्या रक्तात नसते. खेचराला ती बापाकडून मिळते. पहिल्या खेपेला, बहुधा विताना, पिल्लाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्या खुणेविरुद्ध हत्यारं बनवून ठेवतं. पहिलं पिल्लू तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला झळ लागत नाही. पुढच्या खेपेला ती हत्यारं चिकात उतरतात. पोटात असेपर्यंत पिल्लू सुखरूप, कारण घोडीची वार ती आत जाऊ देत नाही. जन्मून पहिला घोट घेतला की त्याच्याच रक्ताच्या पेशी फुटू लागतात. घोड्याच्या शिंगरातही असं होतं, पण क्वचित. खेचरात धोका कितीतरी मोठा, कारण प्रत्येक खेचराकडे ती खूण असणारच. तेव्हा आधी खेचर दिलेली घोडी पुन्हा गाढवाला भरवली असेल, तर तिचा चीक संशयाने बघायचा.

२०२४ च्या खेपेला आम्ही असं केलं. आमची दुसरी घोडी राणी, तिला खेचर कधीच झालं नव्हतं. ती महिनाभर आधी घोड्याचं शिंगरू व्याली. तिच्या पिल्लाचं पोट भरल्यावर पाव पाव लिटर करत चीक काढून स्वच्छ बाटल्यांत गोठवून ठेवला. बिजलीचं रक्त विण्याच्या तीन आठवडे आधी तपासायला दिलं, त्यात हत्यारं सापडली. पिल्लू पडताच, उभं राहायच्या आत, त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं. आईजवळच ठेवलं, आई चाटू शकेल, वास घेऊ शकेल, पण त्याला पिता येणार नाही असं. राणीचा चीक कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवला. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवला तर त्यातलं संरक्षण मरतं. दर तासाला पाव लिटर, पहिल्या सहा तासांत सगळा. हे चुकवता येत नाही, कारण शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात स्वतःचं संरक्षण जवळपास शून्य असतं आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद बारा तासांनंतर झपाट्याने उतरते.

त्याच कारणाने मुसकं जन्मभर ठेवावं लागत नाही. दीड-दोन दिवसांत आतडं बंद होतं, मग आईचं तेच दूध निर्धास्त. तोवर बिजलीची कास दर दोन तासांनी पिळून चीक नाल्यात. पिल्लाला शेळीचं दूध बाटलीने. दोन रात्री मी आणि धाकटी जाऊ पाळीपाळीने बसलो. पिल्लू मुसक्यासकट कासेला ढुशा देत होतं आणि बिजली वळून आमच्याकडे बघत होती. अठ्ठेचाळीस तास झाल्यावर डॉक्टरांनी पिल्लाच्या रक्ताचा थेंब आणि आईचं पातळ केलेलं दूध एकत्र करून गुठळ्या धरत नाहीत हे बघितलं, आणि मुसकं काढलं. तिचं नाव मैना.

ज्यांच्याकडे दुसरी घोडी नाही त्यांनी विण्याच्या आधीच जवळच्या पागेत, स्टडफार्मवर चिकासाठी शब्द टाकून ठेवावा. रात्री दोन वाजता शोधायला निघालात तर मिळणार नाही.

बाकीचं थोडक्यात. घोडी व्याल्यावर सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा माज दाखवते. वार वेळेवर पडली असेल तर तेव्हा भरवता येते. मी मात्र तो माज सोडते, आणि एका खेचरानंतर एक वर्ष रिकामं जाऊ देते. दूध सहाव्या महिन्यात तोडा. नर खेचराला वर्ष-दीड वर्षात खच्ची करून घ्या. त्याला मूल होणार नाही, पण माज पूर्ण असतो आणि मग तो घोड्यांना, माणसांना चावत सुटतो. "होणारच नाही तर खच्ची कशाला" म्हणणाऱ्याने दोन वर्षांचा टिकोजी बघायला हवा होता, आम्ही उशीर केला तो काळ. मादी खेचरही माजावर येते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पैशाचं भाच्याने विचारलंच. २०२४ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर, उंट यांच्या पैदाशीलाही ५० टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. कागद जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयातून करायचे. पण आधी एक घोडी आणि एक गाढव तरी वर्षभर सांभाळून बघ, असं मी त्याला म्हटलं.

तो आता नर खेचर शोधत नाहीये. दूध सुटलेलं गाढवाचं शिंगरू शोधतोय, घोड्यांत वाढवायला. पौष पौर्णिमेला जेजुरीला निघायचंय, सकाळी सहाला हडपसरच्या गाडीतळावर ये म्हटलंय. दोरी त्याची त्याने आणायची.